पु.ले.शु. : मराठी ब्लॉगबोलीचा मायना

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. मागच्या बाजूने तिच्यात वकिली अर्जांचे कच्चे मसुदे आहेत आणि पुढच्या बाजूने शब्द. २००७ च्या सुमारास मी तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे मराठी टंकलेखन करत होते. कार्यालयात संगणक आला, त्यामागोमाग इंटरनेट आले, आणि दुपारी वकीलसाहेब कोर्टात गेले की मी मराठी ब्लॉग वाचू लागले. पहिल्याच आठवड्यात एका कवितेखाली अडले. कविता समजली होती. तिच्याखाली कुणीतरी लिहिलेला अभिप्राय समजेना. 'आवडली. पु.ले.शु.' एवढाच तो होता. पु.ल., पु.शि. यांच्यासारखी कुणाची तरी आद्याक्षरे असावीत असे मी धरून चालले. पुढे दुसऱ्या एका ब्लॉगवर कुणा नवख्याने अर्थ विचारला, तेव्हा उलगडा झाला : पुढील लेखनास शुभेच्छा. ते मी वहीत उतरवून घेतले आणि नोंदी सुरू झाल्या.

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी नाही. बारावी आणि मराठी टंकलेखनाची मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा, एवढेच माझे शिक्षण. पुढचे जे काही शिकले, ते मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश उघडून बसल्याने. त्यामुळे या लेखात सिद्धांत नाही. एक निरीक्षण आहे आणि त्याच्या पोटात एक तक्रार आहे. निरीक्षण असे की, ब्लॉग नावाच्या वस्तूसाठी आणि तिच्या भागांसाठी घडवलेले मराठी शब्द बहुतेक गळून गेले. पण त्या वस्तूभोवती माणसे एकमेकांशी जे वागली, त्या वागण्याचे शब्द मराठीने स्वतःच्या घरात तयार केले आणि ते टिकले. तक्रार शेवटी सांगते.

ओंडका आणि अनुदिनी

मूळ इंग्रजी शब्दाची कुळकथा मौजेची आहे. जॉर्न बार्गर या अमेरिकन लेखकाने डिसेंबर १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ याने आपल्या पानावर गमतीने त्याची चुकीच्या जागी फोड केली : 'वी ब्लॉग', म्हणजे 'आम्ही ब्लॉगतो'. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली, २००३ मध्ये ती गूगलने घेतली, आणि २००४ मध्ये मेरियम-वेबस्टर या कोशाने 'ब्लॉग' हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. एका चेष्टेतल्या फोडीपासून कोशाच्या मानापर्यंतचा प्रवास पाच वर्षांत झाला.

यातला 'लॉग' म्हणजे शब्दशः लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या, ते मोजून वहीत लिहीत. ती ओंडक्याची वही, म्हणजे लॉगबुक. पुढे कुठल्याही क्रमवार नोंदीला लॉग म्हणू लागले. समुद्रावरचा हा शब्द महाजालावर आला आणि तिथून आपल्याकडे.

मराठीत त्याला दोन मुख्य पर्याय सुचवले गेले : 'अनुदिनी' आणि 'जालनिशी'. 'जालनिशी' मला अजूनही आवडतो. तो 'रोजनिशी'वरून बेतलेला आहे, आणि 'रोजनिशी' पेशव्यांच्या दफ्तरापासून आपल्या ओळखीची. तिच्यातली 'निशी' फारसीतल्या लिहिण्यावरून आलेली, म्हणजे 'जाल' हा संस्कृत शब्द तिला चिकटवताना कुणी सोवळेपणा केला नाही. 'अनुदिनी'चे मात्र वेगळे झाले. हा शब्द बहुतेक मराठी कानांना समर्थांच्या करुणाष्टकांतून ठाऊक आहे, आणि तिथे तो क्रियाविशेषण आहे : दररोज, दिवसेंदिवस. त्याला नाम करून 'माझी अनुदिनी वाचा' म्हटले की वाक्यात काहीतरी अडखळते. शिवाय बहुतेक ब्लॉगवाले महिन्या-दोन महिन्यांनी एकदा लिहीत. दररोज लिहिण्याचे वचन देणारे नाव त्यांना झेपणारे नव्हते.

घडवलेला शब्द चालत नाही, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आपल्याकडे ही परंपरा आहे, आणि सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. पण 'महापौर' दाराच्या पाटीवर लागला आणि 'दिनांक' प्रत्येक छापील अर्जावर आला. मी स्वतः हजारो वेळा 'दिनांक' टंकला आहे, त्यात माझी आवड-निवड कुणी विचारली नव्हती. ब्लॉगला ना पाटी होती, ना अर्ज. प्रत्येक जण आपल्या पानाचा धनी. तिथे हुकूम चालत नव्हता, फक्त सवय चालत होती, आणि सवयीने 'ब्लॉग' निवडला. मग मराठीने त्याला आपल्या पद्धतीने वागवले. पुल्लिंग दिले, सामान्यरूप दिले : 'ब्लॉगावर' कुणी म्हणे, बहुतेक 'ब्लॉगवर' म्हणत. क्रियापदही केले : ब्लॉगणे, गुगलणे, पोस्टणे. 'खर्च'चे 'खर्चणे' आणि 'बदल'चे 'बदलणे' ज्या भाषेने केले, तिला हे अवघड नव्हते.

'पोस्ट' या शब्दाचे लिंग हा माझ्या वहीतला एक स्वतंत्र कप्पा आहे. सुरुवातीच्या नोंदींत 'ते पोस्ट' बरेचदा दिसते. टपालाचे पोस्ट नपुंसकलिंगीच होते, 'मु. पो.'मधले. आज बहुतेकांच्या तोंडी 'ती पोस्ट' आहे. जुन्या लिंगाचा पुरावा एका संक्षेपात अडकून राहिला आहे : 'हेमाशेपो', म्हणजे 'हे माझे शेवटचे पोस्ट'. वादाला कंटाळलेला माणूस हे जाहीर करून निघून जाई आणि बहुधा अर्ध्या तासात परत येई.

अक्षरांचे झाले शब्द

संक्षेप हा या बोलीचा कणा आहे. वाचकांपैकी ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडे नमुने देते. व्यनि : व्यक्तिगत निरोप. विपु : विचारपूस. खफ : खरडफळा, म्हणजे जिथे कुणीही दोन ओळी खरडाव्या अशी सार्वजनिक पाटी. पु.भा.प्र. : पुढील भागाच्या प्रतीक्षेत. हहपुवा : हसून हसून पुरेवाट. वाखुसाआ : वाचनखूण साठवली आहे. यांतले बरेचसे मायबोली, मनोगत, मिसळपाव अशा संकेतस्थळांवर रुळले. मायबोली तर १९९६ पासूनची. पण लिहिणारी माणसे तीच होती. सकाळी आपल्या ब्लॉगवर लिहायचे आणि दुपारी संकेतस्थळावर भांडायचे, असा त्यांचा दिवस असे. त्यामुळे शब्दही दोन्हीकडे ये-जा करत.

हे संक्षेप इंग्रजी संक्षेपांची नक्कल आहेत, असे एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ऐकवले होते. मला ते पटले नाही, कारण मी वकिलांकडे काम करत होते. मे. कोर्ट, मौ., रा. यांच्याशिवाय माझा एक अर्ज पुरा होत नसे. आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या पत्रांत सा.न.वि.वि. होते, रा.रा. होते, चि. आणि सौ.कां. होते, अ.उ.आ. होते, शेवटी ता.क. होता. माझी आजी चार यत्ता शिकली होती. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे तिने आयुष्यात कधी पुरे लिहिले नसेल, पण 'सा.न.वि.वि.'शिवाय तिचे पत्र सुरू झाले नाही. पु.ले.शु. हा त्या मायन्याचा पणतू आहे. पत्रे बंद झाली, तेव्हा मायना पोरका झाला होता. ब्लॉगखालच्या अभिप्रायांच्या चौकटीत त्याला पुन्हा घर मिळाले.

दुसरे कारण आपल्या लिपीचे. इंग्रजी आद्याक्षरे ओळीने ठेवली तर बहुतेक वेळा ती सुटी सुटीच वाचावी लागतात. देवनागरीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात 'अ' आहे, म्हणून अक्षरे शेजारी ठेवली की आपोआप उच्चारता येणारा शब्द होतो. याचे उत्तम उदाहरण 'गटग'. 'गेट टुगेदर'ची इंग्रजी आद्याक्षरे जी, टी, जी. ती देवनागरीत ग, ट, ग अशी उतरली आणि एक नवे नाम जन्माला आले. 'पुण्याचे गटग', 'गटगला येणार का?', 'गटगचा वृत्तांत' : त्याला विभक्तीही लागली. 'बातमीफलका'चा 'बाफ' झाला आणि लोक बाफवर जमू लागले. आणि 'रोम'! फक्त वाचायचे, लिहायचे नाही, या अवस्थेच्या इंग्रजी संक्षेपाचा झालेला हा शब्द. 'इतकी वर्षे रोमात होतो, आज पहिल्यांदा लिहितोय,' असे नवे सभासद सांगत. इंग्रजीत अशा माणसाला 'लर्कर' म्हणतात, म्हणजे दबा धरून बसलेला. आपल्या शब्दात तो संशय नाही. उलट पंगतीत मागे बसलेल्या लाजऱ्या पाहुण्याला पुढे बोलवावे, तसे 'रोमातून बाहेर या' म्हणत.

टंकनाचा त्रास हे तिसरे कारण, आणि ते मी हाताच्या बोटांनी सांगू शकते. मराठी टंकलेखन यंत्रावर माझी बोटे न बघता चालत. संगणकावर रोमन कळा दाबून देवनागरी उमटवायची तेव्हा मी पुन्हा पहिल्या यत्तेत गेले. बरहा, गमभन अशा सोयी आल्या तरी जोडाक्षरांशी झटापट चालूच राही. या त्रासालाही कुणीतरी नाव दिले : 'टंकाळा'. टंकण्याचा कंटाळा. दोन शब्दांचा सांधा असा बेमालूम बसलेला मराठीत क्वचित पाहायला मिळतो. 'टंक' म्हणजे संस्कृतात पाथरवटाची छिन्नी, आपली 'टाकी' त्याच घराण्यातली. टाकीचे घाव घालणाऱ्यालाही कधीतरी कंटाळा येत असणार.

काडी, पिंक आणि जिलबी

मुद्दाम भांडण उकरून काढणाऱ्याला जगभर 'ट्रोल' म्हणतात. गळ पाण्यातून ओढत नेऊन मासे पकडण्याची जी रीत आहे, तिच्यावरून तो शब्द आल्याचे सांगतात. मराठी ब्लॉगजगाला त्याची निकड भासली नाही, कारण आपल्याकडे 'काडी लावणे' होते. गवताच्या गंजीचा अनुभव असलेल्या समाजाला ते कुणी समजावून द्यावे लागले नाही. लेख न वाचता तुच्छतेने एक वाक्य टाकून जाणे म्हणजे 'पिंक टाकणे'. चित्र डोळ्यांसमोर येते, आणि डागही.

'जिलबी पाडणे' हा माझा लाडका प्रयोग. कविता 'पाडणे' असे कुत्सितपणे आधीपासून म्हणत; विटा पाडतात तशा. ब्लॉगबोलीने विटेची जिलबी केली. पीठ तेच, पाक तोच, हाताला सवय झालेली, एकामागून एक घाणा. ज्याच्यात नवे काही नाही पण जे चटकन खपते, अशा लेखनाचे इतके नेमके वर्णन मी छापील समीक्षेत वाचलेले नाही. लिहिणारे स्वतःच म्हणत, 'आज एक जिलबी पाडली.' त्यात आपल्या लेखनाकडे बघण्याचा मोकळेपणा होता.

दुसऱ्या नावाने खाते उघडून स्वतःचीच पाठ थोपटणाऱ्याचे ते खाते म्हणजे 'डुआयडी'. डुप्लिकेट आयडी. इंग्रजीत याला पायमोजाची बाहुली म्हणतात. या डुआयडींवर फार संताप व्यक्त होई, पण मला गडकऱ्यांची आठवण येत असे. कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' झाले आणि त्यांनी सबंध साहित्यविश्वाची रेवडी उडवली. टोपणनावामागे लपून काय केले, यावर सगळे ठरते.

आणि 'अवांतर'. शास्त्रग्रंथांतला हा शब्द. शाळेत 'अवांतर वाचना'पुरता उरला होता. ब्लॉगबोलीने त्याला पुन्हा कामाला लावले. विषय सोडून काही सांगायचे असेल, तर आधी 'अवांतर :' असे लिहायचे आणि मग सांगायचे. छापील लेखकांनी हा प्रामाणिकपणा उचलायला हरकत नाही.

तक्रार

आता तक्रार. वही चाळताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. या बोलीत कौतुकाला संक्षेप आहेत, प्रतीक्षेला आहेत, हसण्याला आहेत. असहमतीला नाही. 'तुमचा दुसरा परिच्छेद पहिल्याला छेद देतो' किंवा 'शेवट घाईत झाला आहे' हे म्हणायला कुठलीच दोन अक्षरे तयार नव्हती. ज्याला ते म्हणायचे असेल, त्याला सगळे वाक्य टंकावे लागे. टंकाळा तिथेच आडवा येई. उरलेली जागा काडी आणि पिंक घेत. म्हणजे एका टोकाला पु.ले.शु., दुसऱ्या टोकाला पिंक, आणि मधला, खऱ्या समीक्षेचा, पट्टा जवळजवळ रिकामा.

त्या मधल्या जागेत चुकून कुणी पाऊल टाकलेच, तर अंगावर चिलखत घालून टाके : 'ह.घ्या.' हलके घ्या. मायबोलीकरांनी त्याचा 'दिवे घ्या' असा सुंदर श्लेष केला : लाइट घ्या, म्हणून दिवे. दिवाळी अंकात तो सांगताना मला आनंदच होतो आहे. पण त्या दिव्याखालचा अंधारही बघायला हवा. खरे बोलल्यावर लगेच 'हे मी थट्टेत म्हटले' असे सांगावे लागणे, यात बोलणाऱ्याची भीती आहे आणि ऐकणाऱ्याचा हळवेपणा आहे. पत्राच्या मायन्याने आपल्याला नमस्कार आणि आशीर्वाद शिकवले होते. बरोबरीच्या माणसाशी मतभेद कसा लिहावा, हे त्या मायन्यात नव्हते. त्याच्या पणतूतही ते आले नाही.

यावर कुणी म्हणेल, नवशिक्याला उत्तेजन हवे असते, परीक्षण नको असते. ते खरे आहे. ज्यांचे एक अक्षर कधी छापून आले नसते, अशी शेकडो माणसे पु.ले.शु.च्या बळावर लिहिती झाली. परदेशातल्या हिवाळ्यात एकट्या पडलेल्या बाया, सेवानिवृत्त अभियंते, रात्रपाळीतले तरुण. मीही त्यांच्यातलीच. त्या दोन-तीन अक्षरांचे ऋण मी नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच की, पहिल्या लेखाला पु.ले.शु. हे उत्तेजन असते. पंधराव्या लेखालाही तेच मिळाले, तर लेख वाचला की नाही याचीच शंका येते.

एक प्रसंग सांगते. एक निवृत्त एसटी वाहक आपल्या नोकरीच्या आठवणी ब्लॉगवर लिहीत असत. घाटात बंद पडलेली गाडी, मुक्कामाच्या खेड्यातली रात्र, तिकिटांच्या पेटीचा आवाज. भाषा ओबडधोबड, पण डोळा पक्का. चौथा भाग मला फसलेला वाटला. त्यांनी खऱ्या माणसांची गोष्ट सोडून उपदेश सुरू केला होता. 'उपदेश काढून टाका, त्या मुक्कामाच्या रात्री पुढे काय झाले ते सांगा,' असे लिहायचे माझ्या मनात होते. वकीलसाहेब यायची वेळ झाली होती. मी 'पु.भा.प्र.' लिहिले आणि पान मिटले. पाचवा भाग आला, त्यात उपदेश आणखी वाढला होता. खाली 'क्रमशः' होते. त्याच्या खाली आठ-दहा जणांचे पु.भा.प्र., त्यात माझेही. सहावा भाग आलाच नाही. पुढे कुणीतरी विचारले, 'काका, बरेच दिवसांत लिहिले नाहीत, तब्येत बरी ना?' त्याला उत्तर नव्हते. काही वर्षांनी पत्ता पुन्हा टाकून बघितला, तर पान उघडेना. आजही उघडत नाही. त्यांच्या लेखांतली एक ओळ माझ्याकडे नाही. वहीत फक्त नोंद आहे : पु.भा.प्र., अर्थ, तारीख.

ही नोंद पाहून मला माझ्याच कामाची लाज वाटली. शब्द जपले आणि ज्या लेखांखाली ते उगवले ते जाऊ दिले. पण आता तेवढे तरी नीट व्हावे. मोल्सवर्थने बाजारातले, शेतातले, शिवराळही शब्द कोशात घेतले, म्हणून आज आपल्याला एकोणिसाव्या शतकातले मराठी बोलणे कळते. टंकाळा, रोम, गटग, जिलबी हे शब्द वीस-पंचवीस वर्षे हजारो माणसांनी मराठीत वापरले. ते लिहिणारे आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांची मुले अंगठ्याच्या चित्राने काम भागवतात, त्यात पु.ले.शु.एवढीही अक्षरे नसतात. नव्या कोशकारांनी या शब्दांना जागा द्यावी; अर्थ, लिंग, व्युत्पत्ती आणि एकेक खरे वाक्य, अशी रीतसर जागा. ज्यांच्याकडे जुन्या ब्लॉगांच्या छापील प्रती किंवा उतारे असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत.

वहीची पंधरा-वीस पाने अजून कोरी आहेत. त्यांवर आता शब्द लिहायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. कुणाचे काही वाचले की त्याबद्दल निदान चार पुरी वाक्ये तिथे लिहायची आणि लेखकाला कळवायची. पहिले पान त्या वाहककाकांना लिहिले आहे. पाठवायला पत्ता नाही.